मुलाखतीची तारीख बदलून घ्यायची असेल तर: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या उमेदवारांसाठी

पुण्याच्या कंपनीची मुलाखत मंगळवारी सकाळी ११ वाजता, आणि त्याच मंगळवारी कॉलेजात व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) प्रॅक्टिकल. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला असलेल्याला हुबळीहून बोलावणं आलंय, आणि नेमकं त्याच दिवशी त्याच्या विभागाचं ऑडिट आहे. खानापूरच्या मुलीला बेंगळूरहून कॉल आलाय, आणि त्या दिवशी सख्ख्या बहिणीची हळद. असं काही झालं की आपल्याकडची बरीच मुलं गप्प बसतात. मुलाखतीला जात नाहीत, कंपनीचा फोन आला तर उचलत नाहीत, आणि महिनाभराने ‘ते काही जमलं नाही’ असं सांगतात.

यामागे आळस क्वचितच असतो, बहुतेक वेळा संकोच असतो. बेंगळूरच्या मॅडमशी कन्नडात बोलायचं की इंग्रजीत, बोलताना चुकलो तर काय, ‘आत्तापासूनच हा अडचणी सांगतोय’ असं त्यांना वाटलं तर काय, असे विचार करण्यातच दोन दिवस जातात. मला याची फार खंत वाटते. गुण असलेली मुलं एका फोनपायी मागे राहतात. तारीख बदलून मागणं ही नोकरीच्या बाजारातली रोजची गोष्ट आहे. वेळेवर आणि नीट मागितली तर बहुतेक खासगी कंपन्या एकदा तरी बदलून देतात. न सांगता गैरहजर राहिलेल्याच्या नावापुढे मात्र तशी नोंद होते, आणि पुढे त्याच कंपनीत दुसऱ्या जागेसाठी अर्ज केला तरी ती नोंद समोर येऊ शकते.

पलीकडच्या बाजूला काय चाललेलं असतं तेही समजून घ्या. एचआरने तुमच्या मुलाखतीसाठी दोन-तीन माणसांचा वेळ जुळवलेला असतो. एखादा प्रॉडक्शन मॅनेजर लाइन सोडून येणार असतो, एखाद्याने दुसरी मीटिंग पुढे ढकललेली असते. तुम्ही दोन दिवस आधी कळवलंत तर ती वेळ दुसऱ्या उमेदवाराला देता येते. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी कळवलंत तर ते सगळे रिकामे बसतात आणि बोलणी एचआरला खावी लागतात. तुमच्या निरोपाने त्या माणसाचं काम सोपं झालं पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी याच हिशेबाने सांगतो.

आधी बघा, खरंच जमत नाही का

तारीख एकच दिसली म्हणून घाबरू नका, घड्याळ आणि वेळापत्रक घेऊन बसा. बेळगाव ते पुणे सुमारे ३४० किलोमीटर आहे. रात्री निघालं की सकाळी पोचता येतं. म्हणजे सोमवारी दुपारी बेळगावात पेपर आणि मंगळवारी सकाळी पुण्यात मुलाखत, हे दमवणारं असलं तरी होण्यासारखं आहे. बेंगळूर सुमारे ५०० किलोमीटर, तेही रात्रभराचंच अंतर. कोल्हापूर आणि हुबळी साधारण शंभर किलोमीटरवर, तिथे तर सकाळी निघून अकराच्या मुलाखतीला पोचता येतं.

उलट कधी कधी दोन तारखा वेगळ्या दिसतात आणि तरीही जमत नाही. सोमवारी संध्याकाळी पाचला पुण्यात आणि मंगळवारी सकाळी साडेनऊला बेंगळुरात, अशा दोन मुलाखती स्वीकारून बसलात तर मधे ८४० किलोमीटरचा रस्ता आहे. यातली एक हलवावीच लागेल, आणि तेही आजच ठरवा.

कित्येकदा तारीख न बदलता नुसती वेळ बदलली तरी भागतं. लग्नाची अक्षता दुपारी साडेबाराची असेल आणि ऑनलाइन मुलाखत साडेअकराची, तर तीच मुलाखत सकाळी साडेनऊला किंवा दुपारी चारला मागा. पॅनेलचा दिवस तोच राहतो, त्यामुळे एचआर हे लवकर मान्य करतात. फर्स्ट शिफ्टला असाल तर शिफ्ट सुटल्यानंतरची वेळ मागता येते. नोकरीत असलेल्या उमेदवाराने अशी वेळ मागितली तर कुणाला वावगं वाटत नाही.

मग दुसरं काम हलतंय का ते बघा. लेखी पेपर हलत नाही. प्रॅक्टिकलची बॅच मात्र कधी कधी बदलून मिळते. बाहेरचे परीक्षक दोन दिवस असतील तर एचओडींना (विभागप्रमुखांना) मुलाखतीचं पत्र दाखवून आजच विचारा, आदल्या दिवशी नको. शिफ्ट सहकाऱ्याशी बदलता येते. दोन मुलाखती एकाच दिवशी असतील तर जिला आधी होकार दिला ती तशीच ठेवा आणि दुसरीची तारीख मागा. दुसरी कंपनी मोठी आहे म्हणून पहिलीला ताटकळत ठेवणं मला पटत नाही. शिवाय बेळगावच्या कारखानदारीत उद्यमबागेतला माणूस मच्छेतल्याला ओळखत असतो, बातमी पोचायला वेळ लागत नाही.

गावच्या लक्ष्मी यात्रेबद्दलही सांगायला हवं, कारण हा प्रश्न फक्त आपल्याकडेच पडतो. कित्येक गावांत ती बऱ्याच वर्षांनी एकदा येते, घरोघरी पाहुणे भरतात, आणि पोरगं घरी नसलं तर आई-वडिलांना वाईट वाटतं. यात्रा बरेच दिवस चालते. तुमच्या घराचा मान असलेला मुख्य दिवस सोडला तर बाकीच्या दिवसांत मुलाखतीला जाऊन या. मुख्य दिवशीच मुलाखत आली तर खुशाल तारीख मागा. बेंगळूरच्या माणसाला यात्रा समजावत बसू नका, ‘घरातलं आधीच ठरलेलं धार्मिक कार्य’ एवढं पुरे.

ज्या मुलाखती हलत नाहीत

इथे लवकर वास्तव मान्य करा. लोकसेवा आयोगांच्या मुलाखती, सरकारी भरतीची कागदपत्र पडताळणी, सैन्यभरतीच्या प्रवेशपत्रावरची तारीख, या बदलून मिळत नाहीत असंच धरून चाला. अगदी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तरच लेखी अर्ज आणि कागदपत्रं देऊन बघायचं, पण त्यावर विसंबायचं नाही. अशा तारखेशी खासगी मुलाखतीची गाठ पडली तर खासगी मुलाखत हलवा. कर्नाटक सरकारचं पत्र कन्नडात असतं. वाचता येत नसेल तर जाणत्या माणसाकडून दोनदा वाचून घ्या. त्यात ‘पूर्वाह्न’ म्हणजे दुपारच्या आधी आणि ‘अपराह्न’ म्हणजे दुपारनंतर, आणि आकडे कन्नड लिपीतही असू शकतात.

कॉलेजांच्या पूल ड्राइव्हमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्रित भरतीत, कंपनी एकाच दिवसासाठी येते, तिथे तारीख मागण्यात अर्थ नाही. फार तर प्लेसमेंट ऑफिसरना भेटून त्या दिवसात आपला नंबर पुढे-मागे करून घ्या. वॉक-इन, म्हणजे जाहिरात बघून थेट जायची मुलाखत असेल तर जाहिरातीतल्या नंबरवर फोन करून ‘उद्या आलो तर चालेल का’ एवढं विचारलं की झालं.

कधी कळवायचं, कुणाला कळवायचं

अडचण कळली त्याच दिवशी. मुलाखतीच्या आधी पूर्ण दोन कामाचे दिवस तरी हातात असावेत. सोमवारच्या मुलाखतीसाठी शनिवारी रात्री मेल केला तर तो सोमवारी सकाळीच वाचला जाईल, म्हणून असा निरोप गुरुवारीच जायला हवा. फोन करायचा तर सकाळी साडेदहा ते बारा ही वेळ बरी. आल्या आल्या आणि जेवणाच्या सुट्टीत माणूस नीट ऐकत नाही.

ज्याने बोलावलं त्यालाच कळवायचं. पत्र एचआरच्या मेलवरून आलं असेल तर त्याच मेलला उत्तर द्या, नवीन मेल सुरू करू नका. जुना मजकूर खाली राहिला की त्यांना तुमची फाइल शोधावी लागत नाही. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर आधी कन्सल्टन्सीला सांगा आणि ‘कंपनीला कळवल्यावर मला लेखी सांगा’ अशी विनंती करा. त्यांना वगळून थेट कंपनीला फोन केला तर दोघांचाही गोंधळ होतो. मुलाखत पोर्टलवरून ठरली असेल आणि तिथे वेळ बदलायचं बटण असेल तर ते वापरा, पण वर एक ओळीचा मेलही करा.

आपल्याकडे नोकरी बऱ्याचदा ओळखीतून येते. मामा त्या कंपनीत स्टोअरला आहेत, गल्लीतल्या काकांनी बायोडेटा पुढे दिलाय. अशा वेळी मुलं मामांनाच सांगतात, ‘मामा, साहेबांना सांगा की मंगळवारी जमणार नाही.’ मामा कामाच्या गडबडीत विसरतात किंवा ‘तो येत नाही म्हणतोय’ एवढंच सांगतात, आणि निरोपाचा अर्थच बदलतो. कंपनीला स्वतः कळवा, आणि मग मामांना फोन करून सांगा की मी साहेबांना असं असं कळवलंय. ज्याने शब्द टाकला त्याला हे बाहेरून कळता कामा नये.

तुमच्या वतीने वडिलांनी किंवा दादाने फोन करणंही नको. त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण ज्याला नोकरी करायची आहे तो स्वतः बोलू शकतो की नाही, हे समोरचा तिथेच पाहत असतो.

निरोप कसा लिहायचा

बहुतेकांचा निरोप असा जातो:

‘सर मला उद्या काही पर्सनल प्रॉब्लेममुळे यायला जमणार नाही. प्लीज दुसरी डेट द्या.’

एचआरच्या जागी बसून हा निरोप वाचा. हा कोण? कुठल्या पदाचा? एका दिवसात वीस जणांना बोलावलंय, त्यातला हा कितवा? ‘पर्सनल प्रॉब्लेम’ वाचून वाटतं की याला यायचंच नाहीये. आणि ‘दुसरी डेट द्या’ म्हणजे आता मी तारीख शोधायची, मग याला विचारायचं, मग याने नाही म्हणायचं. तीन फोन वाढले. निरोपात उद्धटपणा कुठेच नाही, तरी तो वाचणाऱ्यावर काम टाकतो.

हाच निरोप असा लिहिता येतो. आधी विषयाची ओळ:

‘मंगळवार, १४ ऑक्टोबरच्या मुलाखतीची तारीख बदलण्याबाबत विनंती – क्वालिटी इंजिनिअर – (तुमचं पूर्ण नाव)’

आणि खाली:

‘आदरणीय मॅडम,
क्वालिटी इंजिनिअर पदाच्या मुलाखतीसाठी मला मंगळवार, १४ ऑक्टोबर रोजी सकाळी ११ वाजता बोलावल्याबद्दल आभारी आहे.
त्याच दिवशी माझी विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा असल्याचं वेळापत्रक आज जाहीर झालं. ती बदलून मिळत नाही, म्हणून मुलाखतीची तारीख बदलण्याची विनंती करत आहे.
मी गुरुवार, १६ ऑक्टोबर रोजी दिवसभर किंवा शुक्रवार, १७ ऑक्टोबर रोजी दुपारी २ पर्यंत आपल्या कार्यालयात येऊ शकतो. आपल्याला ऑनलाइन सोयीचं असेल तर बुधवारी, १५ तारखेलाही कोणत्याही वेळी उपलब्ध आहे.
आपल्याला वेळापत्रक बदलावं लागत आहे याबद्दल दिलगीर आहे. या पदासाठी काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. आपल्या उत्तराची वाट पाहतो.
(नाव, मोबाइल नंबर)’

यातल्या प्रत्येक ओळीला काम आहे. आभार सुरुवातीला, म्हणजे वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत ‘नकार आला’ असं वाटत नाही. पद, वार, तारीख आणि वेळ सगळं एकत्र, म्हणजे शोधाशोध नाही. वार आणि तारीख दोन्ही लिहायचंच, कारण एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून लक्षात येते. कारण एकाच वाक्यात, आणि ते आजच कळल्याचं सांगितलंय, म्हणजे तुम्ही उशीर केलेला नाही हे दिसतं. मग तयार पर्याय. शेवटी इच्छा, कारण तारीख मागणारा उमेदवार बाहेर पडायच्या बेतात आहे अशी शंका एचआरला येतेच, ती त्याच मेलमध्ये दूर करा.

दिलगिरी एकदाच. ‘सॉरी सर, खरंच सॉरी, माफ करा, पुन्हा असं होणार नाही’ अशी रांग लावली की निरोप केविलवाणा होतो. तुम्ही गुन्हा केलेला नाही.

पुण्या-बेंगळूरच्या मोठ्या कंपनीला मेल इंग्रजीतच जाईल. क्रम हाच ठेवा आणि वाक्यं छोटी ठेवा. इंटरनेटवरचे लांबलचक नमुने जसेच्या तसे उचलू नका. पुढे मुलाखतीत तुम्ही साधं इंग्रजी बोलता आणि मेलमध्ये वकिली थाटाचं, ही तफावत लगेच कळते.

फोनवर

चोवीस तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर आधी फोन, मग मेल. बोलण्याआधी चार मुद्दे कागदावर लिहून समोर ठेवा: नाव, पद, जमत नसलेली तारीख, जमणाऱ्या दोन तारखा.

उद्यमबागेतल्या किंवा मच्छेतल्या लहान कारखान्यात बरेचदा मालक किंवा त्यांचे मॅनेजरच फोन घेतात, आणि मराठीतच बोलतात. तिथे असं पुरतं: ‘नमस्कार साहेब, मी अमुक बोलतोय, यल्लूरहून. व्हीएमसी ऑपरेटरच्या जागेसाठी मंगळवारी अकराला बोलावलंय तुम्ही. दोन मिनिटं बोलू का?’ हो म्हणाले की पुढे: ‘मंगळवारी परीक्षा आलीय साहेब, चुकवता येत नाही. मला काम करायचं आहे तुमच्याकडे. गुरुवारी किंवा शुक्रवारी कुठल्याही वेळी येतो, तुम्हाला कधी बरं पडेल?’ त्यांनी वेळ सांगितली की ती आपल्या तोंडाने पुन्हा म्हणा: ‘गुरुवारी १६ तारखेला, सकाळी दहाला. येतो साहेब.’

समोरून कन्नड आलं तर गडबडून जाऊ नका. आपल्या भागातलं कन्नड कानावर पडलेलं असतंच: ‘सर, मंगळवार बराक आगंगिल्लरी, परीक्षा ऐतरी. ब्यारे दिवस कोडतीरेनरी?’ (मंगळवारी यायला जमणार नाही, परीक्षा आहे. दुसरा दिवस द्याल का?) एवढं जमलं तरी समोरचा माणूस सैल होतो. पुढचं इंग्रजीत किंवा हिंदीत बोललात तरी चालतं. न येणारं कन्नड ओढूनताणून बोलण्यापेक्षा पहिलं वाक्य कन्नडात बोलून ‘पुढचं इंग्रजीत बोलू का’ असं विचारणं चांगलं. फोन संपला की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल किंवा व्हॉट्सॲप संदेश करा: ‘आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे माझी मुलाखत गुरुवार, १६ ऑक्टोबर, सकाळी १० वाजता ठरली आहे. आभार.’ बोललेलं विसरलं जातं, लिहिलेलं राहतं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळीच काही घडलं, अपघात झाला, घरात कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं, तर लांब मजकूर लिहीत बसू नका. फोन करा. उचलला नाही तर एवढंच पाठवा: ‘मॅडम, वडिलांना अचानक दवाखान्यात दाखल केलं आहे, आजच्या ११ च्या मुलाखतीला पोचू शकत नाही. क्षमस्व. संध्याकाळपर्यंत पर्यायी वेळेबद्दल कळवतो.’ आणि संध्याकाळी आठवणीने कळवा.

कारण किती सांगायचं

खरं सांगायचं आणि थोडक्यात सांगायचं. परीक्षा, सध्याच्या कामावरचं ऑडिट, घरातलं लग्न, आजारपण, एवढा शब्द पुरतो. दुसऱ्या कंपनीची मुलाखत असेल तर तिचं नाव सांगायची गरज नाही, ‘त्या वेळी आधीच ठरलेली दुसरी बांधिलकी आहे’ हे खोटंही नाही आणि अवघडही नाही. नोकरीत असाल आणि मालकाला न कळवता मुलाखत देत असाल तर कंपनीच्या मेलवरून किंवा शॉप फ्लोअरवरून हे काही करू नका.

आजी वारली, आजोबा वारले अशी कारणं बनवू नका. देवाधर्माचा प्रश्न बाजूला ठेवला तरी गावं लहान आहेत, नाती गुंतलेली आहेत. मुलाखत घेणारा सुपरवायझर कदाचित तुमच्या आजोळचाच निघेल. आणि खरंच घरात कुणी गेलं असेल तर तसं स्पष्ट सांगा, दिवसकार्य झाल्यानंतरची तारीख मागा. त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही.

बस, पूर, बंद: सीमाभागातली खरी कारणं

पुणे-बेंगळूरच्या एचआरला हे माहीत नसतं, म्हणून आपणच नीट सांगायला हवं. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की सगळ्यात आधी बस थांबते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांमधल्या बसफेऱ्या काही काळ बंद पडल्या होत्या. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी असते, आपल्याकडे सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ काळा दिन पाळला जातो, आणि पुण्यातली कंपनी मात्र नेहमीसारखी सुरू असते. तिथल्या माणसाने सहज १ नोव्हेंबर ही तारीख दिली तर त्याचा दोष नाही. ती तारीख मिळाली की लगेच दुसरी मागून घ्या, किंवा आदल्या दिवशीच निघा.

बस बंद झाली म्हणून तारीख मागायच्या आधी रेल्वे बघा. मिरजेच्या मार्गाने पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या आहेत. हुबळी-पुणे वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून बेळगाववरून धावते, पण ती रोज नसते, वार बघूनच तिचा भरवसा धरा. रेल्वेनेही जमत नसेल तर निरोपात राजकारण आणू नका, कुणाचं बरोबर आणि कुणाचं चूक हेही लिहू नका. ‘बेळगाव-कोल्हापूर मार्गावरच्या बसफेऱ्या आजपासून बंद आहेत आणि रेल्वेचं आरक्षण उपलब्ध नाही. ठरलेल्या वेळीच मी ऑनलाइन मुलाखत देऊ शकतो, किंवा वाहतूक सुरू झाल्यावर दोन दिवसांत प्रत्यक्ष येऊ शकतो.’ यात अडचणही आली आणि मार्गही आला.

पावसाळ्याचंही तसंच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक थांबली. वेदगंगा, दूधगंगेकाठच्या गावांना हे सांगायची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूर किंवा पुण्याची मुलाखत असेल तर तीन दिवस आधीपासून पाण्यावर लक्ष ठेवा, आणि पाणी चढायला लागलं की ऑनलाइनचा पर्याय आधीच सुचवून ठेवा. रस्ता बंद झाल्यावर सांगण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

पण ऑनलाइन मागताना आपली रेंज बघा. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसात वीज जाते, आणि वीज गेली की टॉवरही जातो. तिथे बसून ऑनलाइन मुलाखत देण्याचा हट्ट नको. खानापुरात किंवा बेळगावात मित्राच्या, मावशीच्या घरी आदल्या दिवशी जा, इन्व्हर्टर आहे का ते विचारा, लिंक एकदा उघडून बघा.

पर्यायी तारखा कशा निवडायच्या

‘केव्हाही चालेल’ असं लिहू नका. ते नम्र वाटतं, पण तारीख ठरवायचं काम पुन्हा त्यांच्यावरच पडतं. दोन किंवा तीन पर्याय द्या, तारीख आणि वेळेसह, मूळ तारखेपासून आठवड्याच्या आत. पंधरा दिवसांनंतरची तारीख मागितली तर तोपर्यंत जागा भरलेली असू शकते.

देण्याआधी दोन्ही राज्यांची सुट्ट्यांची यादी बघा. १९ फेब्रुवारीला महाराष्ट्रात शिवजयंतीची सुट्टी असते, पुण्याचं ऑफिस बंद असू शकतं. बेळगावात चित्ररथांची मिरवणूक निघते ती वैशाखातल्या पारंपरिक शिवजयंतीनिमित्त. त्या रात्री शहरातून बाहेर पडून बस गाठणं सोपं नाही, आणि मिरवणुकीत जागून दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत देणं तर त्याहून अवघड. अनंत चतुर्दशीचंही तेच, विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. ते दोन दिवस पर्यायांत घालूच नका. तसंच ज्या दिवशी दुसरा पेपर पुढे ढकलला जाण्याची शक्यता आहे, तोही दिवस सोडा. एकदा मागून घेतलेली तारीख पुन्हा बदलायला लागली तर मोठी पंचाईत होते. दुसऱ्यांदा विनंती फक्त दवाखान्याच्या कारणासाठी, आणि तेव्हाही असं लिहा: ‘आपल्याला आता थांबणं शक्य नसेल तर मी समजू शकतो.’

उत्तर येईपर्यंत

विनंती पाठवली म्हणजे तारीख बदलली असं नाही. ‘हो’ येईपर्यंत जुनी तारीखच खरी. मेल पाठवून निर्धास्त बसलेला उमेदवार गैरहजर म्हणूनच नोंदला जातो. एक कामाचा दिवस वाट बघा, मग एक फोन करा. तासातासाला व्हॉट्सॲप नको, दोन निळ्या खुणा दिसल्या तरी नको. तारीख अगदी जवळ आली आणि उत्तर नाही, तर कुठलं काम सोडायचं ते आधीच ठरवून ठेवा.

‘नाही’ असं उत्तर आलं तर वाद घालू नका. जाणं शक्य असेल तर लिहा: ‘समजलं, मॅडम. मी ठरलेल्या वेळीच, मंगळवारी ११ वाजता हजर राहतो.’ शक्य नसेल तर: ‘परीक्षेमुळे या वेळी येऊ शकत नाही याचं वाईट वाटतं. पुढे या पदासाठी किंवा अशाच दुसऱ्या पदासाठी जागा निघाल्यास माझा विचार व्हावा ही विनंती.’ असा मेल कंपनीकडे राहतो, आणि निवडलेला उमेदवार रुजू झाला नाही तर एचआर याच यादीकडे वळतात.

‘हो’ आलं की त्याच तासात उत्तर द्या, नवीन वार, तारीख, वेळ आणि जागा पुन्हा लिहून. जुनं तिकीट रद्द करा, नवीन काढा. मोबाइलमधलं जुनं ऑनलाइन आमंत्रण काढून टाका, नाहीतर चुकून जुन्याच लिंकवर जाऊन बसाल. आदल्या दिवशी एक ओळ पाठवा: ‘उद्या सकाळी १० वाजता येत आहे.’

नवीन तारखेला तो मेल छापून बरोबर ठेवा. औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यांच्या गेटवर सिक्युरिटीकडे नावांची यादी असते, आणि तुमचं नाव कदाचित अजून मंगळवारच्याच यादीत असेल. गेटवर हुज्जत न घालता कागद दाखवा, एचआरना फोन लावून द्या, आणि या गोंधळाला लागणारी वीस मिनिटं हिशेबात धरूनच घरातून निघा. आत गेल्यावर सुरुवातीला एकदा ‘तारीख बदलून दिल्याबद्दल आभार’ म्हणा. परीक्षा कशी झाली, प्रवास कसा झाला हे त्यांनी विचारलं तरच सांगा, आणि मग कामाचं बोलायला लागा.